सहाशे बारा तक्रारींचं निवारण

नगरपालिकेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत तक्रारबाई बसायच्या. नाव त्यांना होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकापुरतं उरलं होतं. खिडकी उघडायची, समोरच्याचं ऐकून घ्यायचं, जाड वहीत नंबर टाकून लिहायचं आणि पावती फाडून द्यायची, असं त्यांचं अठ्ठावीस वर्षं चाललं होतं. त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी अख्खी कचेरी त्यांच्यावर खार खाऊन होती. काम झालं असं बांधकाम खात्याने नुसतं सांगून भागायचं नाही. बाई स्वतः जागेवर जायच्या, गटारात वाकून बघायच्या, नळ सोडून बघायच्या, आणि ज्याची तक्रार त्याची वहीत सही घ्यायच्या. मग कुठे लाल शाईने 'निवारण झाले' असं लिहायच्या. ते लिहिलं की शिपाईकाका त्या पत्त्यावर छापील कार्ड टाकायचे, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. धन्यवाद.' अशी कार्डं इतकी क्वचित निघायची की बेकरीवाल्याने आपलं कार्ड फ्रेम करून गल्ल्यामागे लावलं होतं.

त्या वर्षी कंपनीने जाहीर केलं की आपलं मुख्यालय नव्या शहरात हलवायचंय, तेव्हा इच्छुक शहरांनी अर्ज करावेत. कंपनी म्हणजे तीच, जिचा पंखा, इस्त्री नाहीतर कपडे धुण्याचं यंत्र घराघरात असतं. झालं! सगळी शहरं गुडघ्याला बाशिंग बांधून उभी राहिली. एका शहराने कंपनीला आपली टेकडी देऊ केली आणि वर म्हटलं, अडचण होत असेल तर सपाट करून देतो. तळ्याच्या शहराने तळं देऊ केलं. आपल्या नगराध्यक्षांना द्यायला टेकडी नव्हती आणि तळंही नव्हतं, म्हणून त्यांनी सभेत सुचवलं की शहराचं नाव बदलून कंपनीचं नाव ठेवू. त्यावर वाहतूक खात्याचा माणूस उठून म्हणाला, "साहेब, ते नाव 'आणि बंधू मर्यादित' असं संपतं. बसच्या पाटीवर मावणार नाही." मग तो विषय बारगळला.

तक्रारबाईंना या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण त्यांची मुलगी त्याच कंपनीत, लांबच्या एका शाखेत होती. इस्त्री किती वेळा खाली पडली की बिघडते, हे तपासायचं तिचं काम. चार वर्षांत ती दोनदा घरी आली होती. नवरा गेल्याला सात वर्षं झालेली, त्यामुळे घरात बाई एकट्याच. दर रविवारी सकाळी नऊला मुलीचा फोन यायचा. जेवण नीट होतं का, तिकडे ऊन फार आहे का, असं विचारून झालं की दोघी थोडा वेळ गप्प बसायच्या आणि मग "ठेवू का?" म्हणायच्या. एका रविवारी मुलगी हसत म्हणाली, "आई, मुख्यालय आपल्याकडे आलं ना, तर मला रोज तुझ्या हातचा डबा!"

ती बोलून मोकळी झाली. बाईंनी मात्र त्याच दुपारी मुलीच्या खोलीतलं शिलाई मशीन बाहेर काढलं, जळमटं झाडली, आणि गादीला नवी खोळ शिवायला घेतली. शेजारणीने विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, धूळ फार झाली होती." बाजारात तुरी म्हणतात तसला प्रकार होता, पण चार वर्षांनी माणसाला एवढंसं निमित्त पुरतं.

कंपनीची प्रश्नावली आली ती दोनशे चाळीस प्रश्नांची. कचेरीत ज्यांचं अक्षर दुसऱ्याला वाचता येतं अशा बाई एकट्याच, म्हणून ती त्यांच्याच गळ्यात पडली. एकशे सत्त्याऐंशी नंबरवर घोडं अडलं. 'नागरिकांच्या किती तक्रारी प्रलंबित आहेत? पाहणी पथकाला नोंदवही दाखवावी.'

"शून्य लिहा," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, सहाशे बारा आहेत."

"सहाशे बारा?"

"परवापर्यंत सहाशे अकराच होत्या. काल वहिनी येऊन गेल्या. तुमच्या घरचा नळ."

अध्यक्षांनी पाणी मागवलं, पेल्याकडे जरा संशयाने बघितलं आणि मग आवाज खाली आणला. "बाई, तळ्याच्या शहरात आणि आपल्यात आता उन्नीस-बीसचा फरक राहिलाय. तुमची मुलगी तिथेच आहे ना नोकरीला? ती जवळ यावी असं वाटत नाही तुम्हाला? मी बळजबरी करत नाही. वही तुमची, पेनही तुमचं."

अध्यक्षांना इतर काही येवो न येवो, माणसाचं दुखरं बोट त्यांना बरोबर सापडायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाईंनी खिडकी लावून घेतली आणि लाल पेन उघडलं. पहिली तक्रार मास्तरांची, सात वर्षांपूर्वीची. रस्त्यावरचा दिवा थेट त्यांच्या डोळ्यांवर येतो आणि झोप लागत नाही. तिच्याच खाली समोरच्या मावशींची तक्रार होती की तोच दिवा इतका मिणमिणता आहे की उंबरा दिसत नाही. बाईंनी पेन दोनदा खाली ठेवलं. मग त्यांनी मास्तरांची सही केली, उभी आणि ताठ, तशीच मावशींची, वळणावर अडखळणारी. सगळ्यांच्या सह्या त्यांना पाठ होत्या. अध्यक्षांच्या घरच्या सहीला शेवटी मोठा फराटा असायचा, तो त्यांनी तीनदा कागदावर गिरवून मग वहीत काढला. पन्नासाव्या तक्रारीनंतर पेन खाली ठेवायची वेळच आली नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. संध्याकाळी शेवटचं 'निवारण झाले' लिहून झालं तेव्हा त्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती की वही कपाटात ठेवायचंही भान राहिलं नाही. ती टेबलावर तशीच टाकून त्या घरी गेल्या.

पुढचे तीन दिवस अध्यक्षांनी त्यांना वरच्या सभागृहात स्वागताच्या तालमीला बसवलं. पहिल्याच दिवशी सकाळी शिपाईकाका खाली झाडायला आले आणि त्यांनी वही बघितली. पान उलटलं, लाल. दुसरं उलटलं, लाल. काका मटकन स्टुलावर बसले. निवृत्तीला दोन महिने राहिलेले, आणि जाता जाता असा दिवस बघायला मिळावा! त्यांनी डोळे पुसले, कार्डांचा गठ्ठा काढला आणि कामाला लागले. ती लाल अक्षरं दिसली की आपलं काम काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तीन दिवस मान मोडून त्यांनी सहाशे बारा पत्ते लिहिले, कार्डं पेटीत टाकली, आणि बाईंना एकदमच सांगून खूश करावं म्हणून कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

पथक गुरुवारी आलं. गाडी ज्या बाजूने येणार त्याच बाजूच्या भिंती रंगवलेल्या होत्या. दुसरी बाजू अर्थात परतीच्या वाटेवर दिसणार, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिघांचं पथक, आणि प्रमुख म्हणून चपट्या चपला घातलेल्या एक बाई. त्या आधी अकरा शहरं बघून आल्या होत्या आणि अकरा स्वागतगीतांचा शीण त्यांच्या चेहऱ्यावर होता. अध्यक्ष त्यांना सरळ जिन्याखालच्या खिडकीशी घेऊन आले.

"बघा मॅडम, नोंदवही. एकही तक्रार शिल्लक नाही! आमच्याकडे माणूस तक्रार करायलाच विसरलाय."

प्रमुखबाई पानं उलटू लागल्या. तक्रारबाई खाली मान घालून बसल्या होत्या. आणि तेवढ्यात व्हरांड्यात गलका झाला.

सगळ्यात पुढे मास्तर, हातात कार्ड. "बाई, हे काय? दिवा आहे तिथेच आहे. सात वर्षं मी दम धरला, तुमच्यावर कधी शंका घेतली नाही."

त्यांच्यामागे मावशी, मावशींमागे फुटक्या पाईपची तक्रार घेऊन येणारा पाईपवाला, त्याच्यामागे व्हरांडाभर माणसं आणि पायऱ्यांवर आणखी. प्रत्येकाच्या हातात कार्ड. रांगेत सतरावा नंबर अध्यक्षांच्या पत्नीचा होता.

"हे सगळे कोण?" प्रमुखबाईंनी विचारलं.

"हे... हे आभार मानायला आलेत," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"कसले आभार?" रांगेतून खणखणीत आवाज आला. "घरात आठ दिवस पाणी नाही, आणि हे इथे कोट घालून मिरवतायत!"

अध्यक्षांनी आवाज ओळखला आणि ते कोटाची बटणं काढू लागले. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शिपाईकाका कोपऱ्यात उभे होते, चेहरा आनंदाने फुललेला, आणि आता तो हळूहळू उतरत चालला होता. मास्तरांनी चष्मा लावून वही आपल्याकडे वळवली. "ही सही माझी आहे?"

"नाही," तक्रारबाई म्हणाल्या. "मी केली. सगळ्यांच्याच मी केल्या."

"तुम्ही? पण का?"

बाईंना सांगायला बरंच काही होतं, साहेबांनी सांगितलं म्हणून, शहराच्या भल्यासाठी म्हणून. पण मास्तरांच्या तोंडाकडे बघून त्यांच्याने खोटं बोलवेना. "कंपनी इथे आली तर माझी मुलगी घरी येईल म्हणून."

मास्तरांनी चष्मा काढून खिशात घातला. मग मावशी पुढे सरसावल्या. "अगं बाई, मग आधी सांगायचंस! मीच करून दिली असती सही. अंधारात काय, सवय झालीय आता."

तेव्हा मात्र तक्रारबाईंना रडू फुटलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं, निळं पेन घेतलं आणि म्हणाल्या, "रांग धरा. एकेकाची तक्रार परत उघडते."

रांग सरकू लागली. पाईपवाल्याचं झालं, आणि तो जाता जाता प्रमुखबाईंच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघत थबकला. "तुम्ही त्या पंखेवाल्या कंपनीचे ना? बरं झालं भेटलात. तीन महिन्यांत कुरकुरायला लागला तुमचा पंखा." झालं, बांध फुटला. कुणाची इस्त्री कॉलरपाशीच गार पडायची, कुणाचं यंत्र कपडे धुता धुता न्हाणीघरातून चालत बैठकीत यायचं. तक्रारबाईंच्या हाताला सवयच तशी. त्यांनी नवं पान काढलं, नंबर टाकले आणि लिहीत गेल्या. तेवीस झाल्यावर वही प्रमुखबाईंपुढे सरकवली. "इथे सही करा."

"मी? मी कशाला?"

"मिळाल्याची. तुमची वस्तू, तुमची तक्रार."

प्रमुखबाईंनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष पत्नीकडे बघत होते. प्रमुखबाईंनी मुकाट्याने सही केली, पावती घेतली, आणि स्वागतगीताला न थांबता पथक निघून गेलं, न रंगवलेल्या बाजूने.

महिन्याभराने बातमी आली. मुख्यालय तळ्याच्या शहराला मिळालं. "तिथे तक्रारीची खिडकीच नाही म्हणे," शिपाईकाका म्हणाले. अध्यक्षांनी बाईंना खुलासा मागणारी नोटीस काढली, तर बाईंनी तिला नंबर घातला आणि त्यांना पावती पाठवली. कंपनीचे कारागीर मात्र आठ दिवसांत येऊन गेले आणि तेवीसपैकी एकवीस वस्तू दुरुस्त करून गेले. पाईपवाल्याचा पंखा आणि ते चालणारं यंत्र बाईंनी स्वतः जाऊन बघितलं आणि लाल शाई लावायला नकार दिला.

कचेरीत त्या खंबीर होत्या. रविवारी नऊ वाजता फोन वाजला तेव्हा नव्हत्या.

"आई, तळ्याच्या शहराला मिळालं बघ," मुलगी म्हणाली.

"माझ्यामुळे गेलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. लाल पेन, सह्या, कार्डं, गादीची खोळसुद्धा. पलीकडे मुलगी आधी हसली, मग खूप हसली.

"आई, मुख्यालय तिथे आलं असतं तरी मी आले नसते. इस्त्र्यांचं काम इथेच राहणारे. मुख्यालयात इस्त्र्या नसतात, साहेब असतात."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग डबा म्हणालीस ते?"

"गंमत केली गं. मला वाटलं, तू म्हणशील, त्याला मुख्यालय कशाला हवं. तू विचारलंस, तिकडे ऊन आहे का."

"तुला रजा मिळाली नसती. उगीच तुझ्या जिवाला घोर..."

"मी काय म्हणतेय ते ऐक. अख्खी कंपनी उचलून आणायला निघालीस, सहाशे लोकांच्या खोट्या सह्या केल्यास. पण चार वर्षांत मला एकदा तरी ये म्हणालीस?"

बाईंनी आठवून बघितलं. खरंच म्हणाल्या नव्हत्या. पोरीला ओझं नको, पोरीने मागे बघायला नको, असं करत करत राहूनच गेलं होतं.

"ये," त्या म्हणाल्या. ते इतकं हळू होतं की पुन्हा म्हणावं लागलं. "ये गं. मला करमत नाही तुझ्यावाचून."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "शनिवारच्या सकाळच्या गाडीने येते. आणि हे बघ, स्टेशनवर यायचं नाहीस. माझी मी येईन."

"नाही येत," बाई म्हणाल्या.

गाडी साडेआठची होती. बाई पावणेसातपासून फलाटावर उभ्या होत्या.