सरदाराला आत्या नाही

कड्याच्या टोकावर एक दगडी हवेली, हवेलीत एक घुमा सरदार, माळ्यावर कुलूपबंद खोली आणि मुलांना शिकवायला नव्यानं आलेली एक अनाथ शिक्षिका. एवढी सामग्री जमल्यावर प्रेम व्हायला वेळ लागू नये. पण लेखकानं तीनशे बारा पानं घेतली. प्रेम म्हणजे आधी छळ, मग वादळ आणि शेवटी आग, अशी त्याची पक्की समजूत होती. स्वतः तो चव्वेचाळीस वर्षांचा, अविवाहित, आत्याबरोबर राहणारा आणि वीज चमकली की आधी टीव्हीचा प्लग काढणारा गृहस्थ होता.

ही समजूत डळमळीत केली ती प्रकाशकाकडच्या मुद्रितशोधक बाईंनी. पहिल्या प्रुफाच्या समासात त्यांनी लिहिलं, "सरदार तीन प्रकरणं खिडकीपाशी उभा आहे. पाय दुखत नाहीत का?" पुढे एके ठिकाणी, "शिक्षिकेला महिनाभर कुणी जेवायला विचारलेलं दिसत नाही." लेखकानं मुकाट्यानं सरदाराला खुर्ची दिली आणि शिक्षिकेला दोनदा जेवू घातलं. दुसऱ्या प्रुफावर शेरा आला, "आता बरा वाटतो माणूस." हे सरदाराबद्दल होतं. तरी लेखकानं ते पान आत्याला दाखवलं.

"मग विचार की तिला," आत्या म्हणाली.

"काय?"

"सरदाराची तब्येत! अरे, लग्नाचं विचार."

तिसरं प्रूफ शेवटचं होतं. ते गेलं की पुस्तक छापायला जाणार आणि बाईंशी बोलायला निमित्त म्हणून उरणार नव्हतं. सरदार कड्यावर कबुली देतो त्या पानाच्या कडेला लेखकानं जिवाचा धडा करून लिहिलं: "मी आत्याबरोबर राहतो. माझ्यात गूढ असं काही नाही. चहा चांगला करतो. घोरतो, असं आत्या म्हणते. माझ्याशी लग्न कराल का?"

घोटाळा शाईत झाला. त्या कचेरीत निळ्या शाईतलं नुसतं वाचायचं आणि हिरव्या शाईतलं लेखकानं घातलेली भर समजून मजकुरात घ्यायचं, असा नियम होता. निळी शाई अशा प्रसंगी फार सरकारी दिसेल म्हणून लेखकानं हिरवी घेतली. प्रूफ आधी अक्षरजुळणी करणाऱ्या ऑपरेटरकडे गेलं. त्यानं नियमाप्रमाणे सगळं सरदाराच्या तोंडी घातलं आणि नवीन पान काढून बाईंपुढे ठेवलं.

बाईंनीही काम चोख केलं. परिच्छेदावर लाल रेघ ओढून कडेला लिहिलं, "सरदाराला आत्या नाही. गाळावे." संमतीसाठी पान लेखकाच्या घरी आलं.

इतका नेटका नकार लेखकाला त्याच्या एकाही नायिकेकडून देववता आला नव्हता. तो दोन दिवस खिडकीपाशी उभा राहिला.

"बाजूला हो," आत्या म्हणाली. "दुःख कर, पण उजेड अडवू नकोस."

तिसऱ्या दिवशी दुपारी जुनं प्रूफ आणि नवीन पानाची प्रत ताडून बघताना बाईंना समासातलं हिरवं अक्षर दिसलं. प्रूफ घेऊन त्या ऑपरेटरकडे गेल्या.

"हे सरदाराच्या तोंडी का घातलंत?" त्यांनी विचारलं.

"हिरवं होतं, मॅडम. म्हटलं, चला, एकदाचा सरळ बोलला."

बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तासाभरात लेखकाच्या घराची बेल वाजली. आत्यानं दार उघडलं आणि आत हाक मारली, "अरे, प्रूफ आलंय!"

बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "सरदार बोलत असेल तर हे गाळायचंच. तुम्ही बोलत असाल तर मला तोंडानं ऐकायचंय."

वीस वर्षं कड्याकड्यांवरून कबुल्या वदवून घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या बैठकीच्या खोलीत एकच कबुली सुचली.

"मी… घोरतो," तो म्हणाला.

"ते वाचलं. पुढे?"

"लग्न कराल का?"

"करेन. पण माझंही ऐकून ठेवा. मी जेवताना वाचते आणि सकाळी नऊपर्यंत कुणाशी बोलत नाही."

लेखक काही म्हणायच्या आत आत्यानं बाईंपुढे खुर्ची सरकवली.

"काही हरकत नाही," ती म्हणाली. "नऊपर्यंत मी बोलत जाईन."