पेटीबाबाची चार हृदयं

नागपूरच्या उमरेड रोडवरच्या त्या लॉनवर एरवी नवरदेवाची वरात यायची. त्या गुरुवारी तिथे देव येणार होता, म्हणून गर्दी वरातीपेक्षा जास्त होती. पार्किंग भरलं, गेटबाहेर नारळवाल्यांच्या गाड्या लागल्या, आणि ज्या स्टेजवर नवरा-नवरी घामाघूम होऊन फोटो काढून घेत, त्या स्टेजवर लाल मखमली खुर्चीत एक काळी, चपटी, लोखंडी पेटी झेंडूच्या हारांत बुडून बसली होती. शेजारी पेटीबाबा उभे. अंगात भगवी कफनी, हातात माईक.

"भाविकहो! बटन बंद! पेटी थंड! कोणी हात लावला?"

"नाही लावला!" लॉन ओरडलं.

"महाराज हात लावणार?"

"नाही लावणार!"

"महाराज फक्त हाक मारणार! बिना हात, बिना बात, प्रभू येणार साक्षात! जागो प्रभू, जागो!"

आधी पेटीतून एक सुस्कारा आला, मग शिट्टी, आणि मग विमान धावपट्टीवर सुटावं तशी घरघर. पेटीच्या पाठीमागून असा वारा सुटला की तिथे वाटीत ठेवलेलं भस्म ढगासारखं उठलं, झेंडूच्या पाकळ्या पहिल्या रांगेच्या डोक्यांवर पडल्या, आणि पेटीच्या कपाळावर एक निळा डोळा लुकलुकू लागला. बायांनी हात जोडले. एका काकांचा चष्मा भस्माने पांढरा झाला, तरी त्यांनी तो पुसला नाही. प्रसाद म्हणून तसाच घालून बसले.

मागच्या रांगेत नूपुर उभी होती. तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

नूपुर लग्नांचे फोटो काढायची. एकेका लग्नाचे हजारो फोटो, वर व्हिडिओ; ठेवायचे कुठे? शेवटी एका बंद पडलेल्या कंपनीच्या भंगारातून तिने आणि तिचा नवरा अश्विन याने एक जुना सर्व्हर आणला. सर्व्हर म्हणजे मोठ्या ऑफिसांचा सगळा हिशेब-कागद रात्रंदिवस सांभाळणारा दणकट कॉम्प्युटर. ऑफिसवाले काही वर्षांनी नवे घेतात आणि जुने किलोच्या भावात विकतात. घरी आणून त्यात चार डिस्क टाकल्या, की अख्ख्या खानदानाची लग्नं त्यात मावतात. फक्त आवाज फार. नूपुरचे सासरे गोपाळराव त्या खोलीवरून जाताना कानांवर हात ठेवत आणि म्हणत, "हे काय विमानतळ करून ठेवलं गा घराचं?"

आणि आता तेच गोपाळराव पहिल्या रांगेत, शर्टाची बटणं उघडून, त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या पेटीसमोर डोळे मिटून बसले होते. नूपुरने घरच्या पेटीचा प्रत्येक स्क्रू उघडून पाहिला होता. तिला देवाचा निळा डोळा लगेच ओळखू आला: शंभर सर्व्हर रांगेत असले तर कोणता दुरुस्त करायचा ते कळावं म्हणून दिलेला तो दिवा.

मग बाबांनी पेटीच्या पुढचा एक खण खस्सकन ओढून बाहेर काढला आणि हातात उंच धरला.

"हे बघा प्रभूचं हृदय! चार हृदयांतलं एक काढलं! प्रभू थांबले?"

पेटी गरजतच होती. मोठ्या पडद्यावर देवांची चित्रं एकामागून एक सरकतच होती. रिकाम्या खणाशेजारी केशरी दिवा पेटला.

"भगवा! प्रभू प्रसन्न!" बाबा खाली उतरले आणि त्यांनी गोपाळरावांच्या उघड्या छातीवर तळहात टेकवला. "काका, डॉक्टर म्हणतो नस बंद आहे? राहू दे बंद! एक हृदय गेलं तरी प्रभू चालतो, तर एका नसेचं काय घेऊन बसला! बसा पेटीच्या पाठीशी. घ्या प्रभूचा श्वास. चाकू-कात्रीचं नाव काढू नका."

नूपुरचं हसू तिथेच विझलं. गोपाळरावांचं हृदयाचं ऑपरेशन पुढच्याच महिन्यात रामदासपेठेतल्या इस्पितळात ठरलं होतं.

*

घरी आल्यावर सासूबाईंनी, कांताबाईंनी, तिला स्वयंपाकघरात ओढलं. "नूपुर, तुह्या मामाजीनं गोळ्याबी बंद केल्या वं. डब्यात तशाच पडून हायेत."

नूपुर तडक गोपाळरावांचा हात धरून त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. "मामाजी, हे बघा. तीच पेटी. तोच निळा दिवा. मोबाईलवरून चालू होते, बटन दाबायचीही गरज नाही. सुरू होताना पंखे जोरात फिरतात, म्हणून वारा सुटतो."

गोपाळराव शांतपणे ऐकत राहिले. पोस्टात तीस-बत्तीस वर्षं काढलेला माणूस, उगाच भांडणारा नव्हता. "माहीत हाय मले, पेटी तशीच हाय. पण पोरी, दगड रस्त्यावरबी पडला असते आणि देवळातबी असते. तुह्या पेटीत लोकायची लग्नं हायेत. त्याच्या पेटीत देव आला, त्याले तू काय करशील?"

"पण मग गोळ्या काहून बंद केल्या?"

गोपाळराव डिस्कच्या दिव्यांकडे बघत हळूच म्हणाले, "छाती फाडतात म्हणे, नूपुर. करवतीनं."

तेव्हा तिला कळलं. मामाजींचा विश्वास पेटीवर नव्हताच फारसा. भीती करवतीची होती, आणि पेटीबाबाने त्या भीतीला बसायला मखमली खुर्ची दिली होती. आता घरात कितीही समजावलं तरी उपयोग नव्हता. जिथे चमत्कार झाला, तिथेच तो उघडा करायला हवा होता.

*

पुढच्या गुरुवारी बाबांनी अजून माईक हातात घेतला नव्हता तोच गेटपाशी गलका उठला. कांताबाई डोक्यावर पदर घेऊन पुढे, आणि मागे अश्विन व लॉनचे दोन वेटर एक काळी पेटी उचलून आणत होते.

"सरका, सरका!" कांताबाई ठणठणीत आवाजात ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा नाटकात काम मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "आमच्या घरीबी प्रभू प्रकटले! जुळे हायेत, जुळे!"

गर्दी उसळली. कोणी पेटीला हार घातला, कोणी नारळ फोडला, एका बाईने तर तिची दृष्ट काढली. पेटीबाबांचा चेहरा पडला, पण नाही म्हणायची सोय नव्हती. जुळ्या देवाला स्टेजवरून हाकलणार कसं? ते कसनुसं हसले. "प्रभूंची लीला! बंधुभेट!"

दुसऱ्या पेटीला दुसरी मखमली खुर्ची मिळाली. अश्विनने तारा जोडल्या आणि तो गर्दीत जाऊन बसला. पडद्याची एक तार नूपुरच्या पेटीला लागली. नूपुर स्टेजवर चढली आणि तिने माईक घेतला.

"भाविकहो, बटन बंद आहे. मी हात लावणार नाही. आता माझ्या गुरूंनी दिलेला मंत्र म्हणते." तिने डोळे मिटले आणि लग्नात रोज शंभरदा म्हणते तोच मंत्र सुरात सुरू केला. "जरा इकडे बघा... मामा मागे सरका... काकू हसा... वहिनी, पदर सांभाळा..."

सुस्कारा, शिट्टी, विमान! पाकळ्या उडाल्या, निळा डोळा लुकलुकला. लॉन आधी अवाक झालं, मग पाठीमागून कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग हसू रांगांमधून असं पसरलं की बाया एकमेकींच्या खांद्यांवर कोसळू लागल्या.

"मंत्राचं सामर्थ्य कळलं?" नूपुर म्हणाली. "आता तिकडे बघा." गर्दीतून अश्विनने हात वर केला. हातात मोबाईल होता. "पेटी बंद दिसते, पण तिचा एक छोटा भाग वायर लावली की जागाच असतो. मोबाईलवरून सांगितलं की पेटी सुरू होते. माझा मोबाईल अश्विनकडे. बाबांचा कोणाकडे?"

सगळ्या माना स्टेजच्या कोपऱ्याकडे वळल्या. बाबांचा शिष्य विक्रम मोबाईल कफनीत लपवत होता. घाईत मोबाईल खाली पडला, आणि वर आलेल्या स्क्रीनवर पेटी सुरू करायचं बटन पुढच्यांना दिसलं.

"ही यांची नुसती मशीन आहे!" बाबा माईकशिवायच ओरडले. "आमची सिद्ध पेटी! प्रभूची चार हृदयं..."

"तीही बघू." नूपुरने आपल्या पेटीचा एक खण ओढला. पडद्यावर कोणाच्या तरी हळदीचे फोटो सरकतच राहिले. "ही डिस्क. फोटो चारही डिस्कवर अशा हिशेबाने वाटलेले असतात, की एक गेली तर उरलेल्या तिघी मिळून तिचं काम चालवतात. ऑफिसचं काम एका बिघाडाने बंद पडू नये, म्हणून माणसांनी केलेली ही सोय आहे. आणि हा केशरी दिवा. बाबा म्हणतात प्रभू प्रसन्न. हा दिवा प्रसन्न नाही, मामाजी. ही पेटीची तक्रार आहे. ती सांगते, माझं एक अंग गेलंय, मी कशीबशी चालवतेय, लवकर दुरुस्त करा. बाबांनी प्रत्येक गुरुवारी ती विव्हळताना तुम्हाला दाखवली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या."

लॉनवर आता हसू नव्हतं.

पहिल्या रांगेत गोपाळराव हळूहळू उठले. एक हात खुर्चीच्या पाठीवर होता. "महाराज," ते म्हणाले, "दुसरं हृदय काढा ना."

"प्रभूची परीक्षा घेऊ नये, काका."

"काहून?"

"घेऊ नये म्हणजे घेऊ नये!"

"पण काहून? एक काढलं तर प्रभू चालते. चार होते. दोन काढा. मी त्याच्याच भरोशावर गोळ्या सोडल्या ना गा!"

बाबांनी पेटीसमोर दोन्ही हात पसरले. प्रभूला वाचवायला महाराज आडवे आले होते.

नूपुरने सासऱ्यांकडे पाहिलं. तिने सगळे फोटो आधीच दुसरीकडे उतरवून ठेवले होते. आता तिने दुसरा खणही ओढला.

पडद्यावरची नवरी अर्ध्यातच थांबली. चेहरा आला, हळद लागलेला हात आलाच नाही. मग पडदा काळा झाला. पेटी मात्र तशीच गरजत होती. तोच वारा, तेच दिवे, आणि आत काहीच शिल्लक नव्हतं.

गोपाळराव त्या काळ्या पडद्याकडे बघत सुनेला म्हणाले, "माहा केशरी दिवा लागला हाय, नाही का?"

"हो, मामाजी. पण दुसरी डिस्क अजून गेली नाही."

"चल मंग, दवाखान्यात."

*

त्यांच्याबरोबर आणखी कितीतरी जण उठून निघाले. त्यातल्या काहींनी, औषधं सोडून आजार वाढवून बसलेल्यांनी, नूपुरसोबत पोलिसांत जाऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. पेटीबाबा हे मूळचे ऑर्केस्ट्राचे निवेदक निघाले आणि विक्रम हा कोण्या ऑफिसच्या सर्व्हर खोलीतला माजी कर्मचारी. सिद्ध पेटी जप्त झाली. चौकीच्या टेबलावर ती हाराशिवाय फारच साधी दिसत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रामदासपेठेतल्या त्या इस्पितळात गोपाळरावांनी सर्जनबाईंना पलंगाशेजारी बसवून घेतलं. करवत काहून लागते? हाड पुन्हा जुळते कसं? जोडायची नस कुठून काढता? किती जण दगावतात, खरं सांगा. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी कागदावर हृदय काढलं, धोका किती तो सांगितला, आणि जिथे उत्तर नव्हतं तिथे "ते आत्ता सांगता येत नाही" असंही म्हणाल्या. कांताबाईंनी तोंडाला पदर लावला. गोपाळरावांची भीती गेली नाही. पण भीती असूनही त्यांनी सही केली. आज ते सकाळी चालायला जातात, आणि बागेत कोणी ताईत, अंगारा किंवा जादूचं तेल काढलं की सगळ्यात आधी त्यांचाच आवाज येतो.

नागपूरकरांनो, आपल्या बोलीत एक फार कामाचा शब्द आहे: काहून. तो शेतात चालतो, पोस्टात चालतो, दवाखान्यात चालतो, मग स्टेजसमोर येताच आपण तो गिळून का टाकतो? बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा, ही गोष्ट सांगणाऱ्यालाही विचारा. जो उत्तर देईल किंवा "माहीत नाही" म्हणेल, त्याचं ऐकून बघा. जो "विचारू नये" म्हणेल, त्याच्या हाती आपली छाती देऊ नका.