रेषेच्या पुढची भिंत

साठ मीटर पळायला मी कधीच घाबरलो नाही. घाबरतो ते त्यापुढच्या टीचभर जागेला. उघड्या मैदानावर शर्यत संपली की माणूस हवं तेवढं पळत सुटू शकतो. इथे छताखाली रेषा ओलांडली, जेमतेम दहा-बारा ढांगा टाकल्या, की समोर भिंत. तिला जाड गादी लावलेली असते. "अरे, गादी तर आहे!" असं म्हणणारे शहाणे भेटतात. त्यांना एकदा पूर्ण वेगात त्या गादीवर सोडून द्यावं, असं मला फार वाटतं.

दादाचा गुडघा अशाच गादीत गेला. मी तेव्हा शाळेत होतो, आईशेजारी बसून बघत होतो. दादा पहिला आला, आई टाळ्या वाजवायला उठली आणि हात तसेच वर राहिले. दोन गाद्यांमधल्या फटीत त्याचा पाय अडकला होता. त्यानंतर दादा पळाला नाही. माझा कोच झाला.

कोच म्हणून त्याच्या जिभेला हाड नाही. "ब्रेक लावतोस! रेषेच्या आधीच लावतोस! शर्यत काय पन्नास मीटरची आहे का?" वर्षभर हेच ऐकतोय. खोटं नव्हतं ते. शेवटी शेवटी माझे खांदे आपोआप मागे जायचे. या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीतही तेच झालं आणि मी रडतखडत सेमीफायनलला पोचलो.

"आज ब्रेक लावलास तर पुढच्या वर्षी दुसरा कोच शोध," दादा म्हणाला.

"शोधतो," मी म्हणालो. बोललो तोऱ्यात, पण त्याच्याकडे न बघता बुटांच्या नाड्या बांधत बसलो.

शर्यतीआधी आम्हाला एका खोलीत कोंडून ठेवतात. बाकं, पांढरे दिवे, बुटांचे खिळे तपासणारा एक कंटाळलेला माणूस. माझ्या शेजारचा उंच गडी सगळ्यांत वेगवान, आणि तो चक्क जांभया देत होता. काय निवांत माणूस, म्हणून मी जळलो. मग त्याची मांडी दिसली. ती बाकावर थडथडत होती. थोड्या वेळाने मलाही जांभया सुरू झाल्या.

सुरुवातीच्या रेषेवरच्या ब्लॉकमध्ये पाय रोवले. 'सेट' ऐकून कंबर उचलली. सगळा हॉल गप्प झाला, आणि तेवढ्यात उंच गडी बंदुकीच्या आधीच सुटला. आम्हाला परत बोलावलं. पंचाने त्याच्यासमोर लाल कार्ड धरलं. इथे दुसरी संधी नसते. एवढ्या लांबून आलेला माणूस एका चुकीपायी तोंडावर टॉवेल धरून निघून गेला. आता माझी भीती दुप्पट झाली. पुढे भिंत आणि मागे बंदूक.

म्हणून पुन्हा 'सेट' झाल्यावर मी कान देऊन थांबलो. बंदूक वाजली, ती नक्की वाजली याची खात्री करून घेतली, आणि मान उचलली तर समोर सगळ्यांच्या पाठी! साठ मीटरच्या शर्यतीत खात्री करून घेणारा माझ्यासारखा गाढव मीच. मला स्वतःचा असा संताप आला की भिंतबिंत सगळं डोक्यातून गेलं. एक पाठ मागे पडली, दुसरी पडली, मग आणखी एक. रेषा कधी आली ते दिसलंच नाही. दिसली ती थेट नाकासमोर गादी.

खांदा वळवला, हात वर घेतले, धाडकन आदळलो आणि खाली पडलो. तसाच पडून आधी एक गुडघा हलवला, मग दुसरा. दोन्ही जागेवर होते. वर फलकावर माझं नाव दुसरं होतं. फायनल!

दादा लंगडत आला. आता 'बघ, सांगत होतो ना' असं ऐकायची मी तयारी ठेवली होती. पण तो जमिनीवर बसला आणि माझा गुडघा चाचपू लागला.

"दादा, फायनलला गेलो मी."

"हो, लोक ओरडले ना, तेव्हा कळलं. मी बघितलं नाही. डोळे मिटले होते." मग त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "ऐक. फायनलला रेषेआधी जरा सैल सोडलंस तरी चालेल. आठवा आलास तरी काय बिघडतं?"

मी उठून बसलो. "मग वर्षभर काय बोंबलत होतास?"

"वर्षभर तू ऐकत नव्हतास," तो म्हणाला.

मला हसू येईना आणि चिडताही येईना. माझ्याहून जास्त तोच घाबरलेला होता, आणि मी ब्रेक लावणारच याची खात्री होती म्हणूनच एवढा ओरडू शकत होता.

फायनलची हाक आली तरी त्याचे हात गुडघ्यावरून निघेनात. मी ते सोडवले आणि शर्यतीआधीच्या त्या खोलीकडे चालू लागलो. आता ब्रेक लावायला दादाची परवानगी होती, आणि त्या परवानगीचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.