लेजे बार्बलोच्या नावावर

कुर्व्हेल गावात लिहिता येणारी माणसं तीन: पाद्री, जमीनदाराचे न्यायाधीश ओदिनोसाहेब आणि मी, शाळामास्तर आन्सेल्म गोद्री. चर्चची घंटा वाजवणं आणि गावाची करयादी लिहिणं हेही माझ्याच गळ्यात. १७८९ च्या मार्चमध्ये राजेसाहेबांचा हुकूम आला. प्रत्येक गावानं सभा भरवावी, आपल्या तक्रारींची वही लिहावी आणि ती घेऊन दोन प्रतिनिधी शहरात पाठवावेत. लेखणी कोणाच्या हातात येणार, हे सांगायलाच नको होतं.

मी हवेत होतो, कबूल करतो. गेली दोन-तीन वर्षं शहरातून येणारी पत्रकं मी चोरून वाचत होतो. राज्य देवानं बहाल केलेलं नसतं, ते लोकांच्या संमतीवर चालतं. कायदा सगळ्यांना एक. माणूस जन्मतः मुक्त आहे. या वाक्यांनी मला वेड लावलं होतं. आता तीच वाक्यं गावाच्या नावानं खुद्द राजाला ऐकवायची होती. आठ दिवस खपून मी प्रस्तावना लिहिली आणि आरशासमोर उभा राहून दोनदा वाचलीसुद्धा.

सभेच्या आदल्या दिवशी पेरीनबाई शाळेत आली. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा लेजे बार्बलो तापानं गेला. मागे एक शेत आणि मार्गो नावाची मुलगी. शेत नेमकं जमीनदाराच्या कबुतरखान्याखाली.

"मास्तर, वहीत कबुतरांचं लिहा," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, पेरलेलं सगळं टिपून खातात मेली. दगड मारावा तर दंड. पुढची पेरणीही गेली तर शेत सोडावं लागेल. मार्गोला शहरात भांडी घासायला पाठवावं लागेल. अकरा वर्षांची आहे हो ती."

"अहो पेरीनबाई, राजाला काय कबुतरांचं सांगायचं? आपण मोठं लिहितोय. हक्कांचं."

"कबुतरांना हक्क आहेत ते ठाऊक आहे मला. माणसांना काय आहेत, ते उद्या सभेत येऊन ऐकते."

मी हसलो. बायका सभेला येत नसत आणि कबुतरांचं नाव काढायची गावातल्या एकाही पुरुषाची छाती नव्हती, कारण अध्यक्ष खुद्द जमीनदाराचे न्यायाधीश.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमध्येच सभा भरली. ओदिनोसाहेब खुर्चीत, मी शेजारी टेबलाशी. ज्याचं नाव करयादीत, वय पंचवीसच्या वर आणि घर गावात, त्यानं बोलावं आणि त्याचंच वहीत लिहावं, असा नियम. मी यादी वाचायला घेतली. आता या यादीची गोष्ट अशी, की दरवर्षी मी मागच्या वर्षीची उतरवून काढायचो. कोण जन्मलं, कोण मेलं, याचा विचार करायचा कंटाळा.

"लेजे बार्बलो," मी वाचलं आणि जीभ चावली.

"हजर!" शेवटच्या बाकावरून आवाज आला. धुतलेली पांढरी टोपी घालून पेरीनबाई उभी होती.

चर्च हसण्यानं दणाणलं. मात्युरँ लोहार ओरडला, "लेजे, वर जाऊन आवाज बारीक झाला रे तुझा!"

ओदिनोसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "बाई, तुझं नाव लेजे?"

"चार वर्षं लेजेच्या नावाचा कर मी भरतेय, साहेब. वसुलीवाल्यानं एकदाही विचारलं नाही, लेजे घागरा का घालतो म्हणून. घेताना मी लेजे आणि बोलताना तेवढी पेरीन?"

"ही माणसांची सभा आहे."

"तेच विचारायला आलेय. मास्तरांनी लिहिलंय म्हणे, माणूस जन्मतः मुक्त. हा माणूस मला धरून, की मला सोडून?"

आमच्या भाषेत हा घोळ जुनाच. माणूस म्हटलं की सगळी मनुष्यजात आली आणि नुसता पुरुषही आला. ज्याला जे सोयीचं ते तो घेतो. आठ दिवसांत मी तो शब्द सव्वीस वेळा लिहिला होता आणि एकदाही माझा हात अडखळला नव्हता. आता सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

"गोद्री," ओदिनोसाहेब हळू आवाजात म्हणाले, "यादीत मेलेला माणूस कसा?"

त्यांनी मास्तर नेमणाऱ्या बिशपांच्या कानात एक शब्द टाकला असता, तर माझी शाळा गेली असती. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून मला माझीच लाज वाटली. आरशासमोर मुक्त माणसाचं कौतुक करणारा मी, आणि एका जिवंत बाईला चार वर्षं मेलेल्या नवऱ्याच्या नावात पुरून ठेवणाराही मीच.

"चूक माझी, साहेब. आळस केला." मी लेखणी बुडवली, लेजेच्या नावावर रेघ मारली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "पेरीन बार्बलो, विधवा. वय चौतीस. कर भरते, गावात राहते." मग साहेबांना म्हणालो, "हुकुमात एवढंच मागितलंय. यात पुरुष हा शब्द कुठंही नाही."

ओदिनोसाहेबांनी हुकुमाचा कागद ओढून घेतला, दोनदा वाचला. "बोल, लवकर बोल," ते शेवटी म्हणाले.

ती बोलली. पेरणीच्या दिवसांत कबुतरं कोंडून ठेवावीत, बस, एवढंच. मग तोच मात्युरँ उठला. "माझीही बार्ली खाल्लीय त्यांनी. लिहा." त्याच्यामागून आणखी नऊ जण उठले. प्रतिनिधी निवडताना हात वर झाले, त्यात तिचाही होता. वहीच्या शेवटी तिनं फुली मारली, जीभ दातांत धरून, सावकाश.

ऑगस्टमध्ये बातमी आली. शहरात गेलेल्या प्रतिनिधींनी पुढे निवडून पाठवलेल्या, देशाच्या मोठ्या सभेनं जमीनदारांचा कबुतरखान्यांचा खास हक्क काढून टाकला होता. पेरणीच्या काळात पाखरं आत. हजारो गावांनी तीच तक्रार लिहिली होती, त्यामुळे आमच्या ओळीनं काय झालं, कोण सांगणार? पण पेरीनबाईच्या मते ते तिनंच केलं आणि मी तिच्याशी वाद घालत नाही. ऑक्टोबरमध्ये तिनं गहू पेरला. फेब्रुवारीत शेत हिरवंगार होतं आणि मार्गो माझ्या शाळेत पाटीवर अक्षरं गिरवत होती.

त्याच फेब्रुवारीत नव्या कायद्यानं गावाचा कारभारी निवडायचा होता. राजानं नेमलेला नाही, जमीनदारानं तर नाहीच, आम्ही निवडलेला. माझ्या पत्रकांतलं स्वप्न माझ्याच चर्चमध्ये अवतरत होतं. मी स्वतः मतदारांची यादी केली, सुबक अक्षरात, एकही मेलेला माणूस न ठेवता.

मी नावं वाचत होतो. पेरीनबाई पुढच्या बाकाशी उभी होती. ब अक्षराची आडनावं संपली, तशी ती टेबलाशी आली.

"मास्तर, माझं राहिलं."

"राहिलं नाही, पेरीनबाई." मी लेखणी खाली ठेवली. "कायदा नवा आहे. मत फक्त पुरुषांना."

"कुणी केला हा कायदा?"

"देशाच्या सभेनं. आपल्या प्रतिनिधींनी."

"म्हणजे ज्यांच्यासाठी मी हात वर केला होता, त्यांच्याचकडून हे?"

तिनं यादीकडे बोट केलं.

"आणि नाव अजून लेजेचंच असतं तर?"

तर ती हजर म्हणाली असती आणि गाव हसलं असतं आणि कोणी सांगावं, कोणी हरकत घेतलीही नसती. पण ती रेघ मी मारली होती. माझ्या आयुष्यातली सगळ्यात प्रामाणिक रेघ, आणि तिनंच बाईला यादीबाहेर काढलं. बाकावर मात्युरँ लोहार बसला होता. आज तो हसला नाही. टोपी हातात फिरवत जमिनीकडे बघत राहिला. कोणीही उठलं नाही. मीही नाही.

ती बाकावर जाऊन बसली. "वाचा तुम्ही," ती म्हणाली. "ऐकायला तरी मनाई नाही ना?"

उरलेली एकेचाळीस नावं मी वाचली. मान एकदाही वर केली नाही.