आईच्या मापाची गाडी

माझ्या धाकट्या भावाला आम्ही भोंगा म्हणतो, कारण लहानपणी रडायला लागला की गल्ली गोळा व्हायची. दोन वर्षांपूर्वी या शहाण्याने हौसेने गाडीला उंची कमीजास्त करता येणारं सस्पेन्शन बसवलं आणि ती इतकी खाली आणली, की गतिरोधक दिसला की आम्ही श्वास रोखायचो. खर्रर्र! वर हा विचारायचा, "काय ऐट आहे ना?" डोंबलाची ऐट! चिखलात बसलेली म्हैस तरी जरा उंच दिसते.

आणि आज दुपारी आईला हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बसताना गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. गाडीची सीट खाली असेल तर सरळ ॲम्ब्युलन्समधून झोपवून न्या. आईने तिथल्या तिथे जाहीर केलं, "आडवी आले, पण आडवी जाणार नाही. माझा मुलगा मला त्याच्या गाडीत बसवून नेणार." सगळ्या वॉर्डाला सांगून मोकळी झाली बाई!

"टॅक्सी करू या," मी म्हटलं.

"ताई, आईने माझी गाडी म्हटलंय." भोंग्याचा आवाज कधी नव्हे तो बारीक निघाला. मग काय, मी शिलाई मशीन बंद केलं आणि बाह्या सरसावल्या.

मूळ उंची किती होती, ते पठ्ठ्याला आठवेना. समोरच्या काकांकडे तीच गाडी आहे, कंपनीतून आली तशी. मी गळ्यातली टेप काढून तिच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत माप घ्यायला बसले, तर काका खिडकीतून ओरडले, "काय गं, सदरा शिवतेस की काय गाडीला?"

"हो, कापड उरलं तर तुम्हालाही शिवेन!"

त्या मापाने मागची चाकं भोंग्याने आधी उरकली. आता पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली आणि चाकं काढली. स्प्रिंगखाली आटे असलेली एक चकती होती. ती फिरवून वर चढवली की गाडी वर, उतरवली की गाडी खाली. डावीकडे तो बसला, उजवीकडे मी, दोघांच्या हातात वाकड्या तोंडाचा पाना.

"पाना पुढच्या दिव्याकडे ओढ!" तो ओरडला.

"ओढतेय! माझा तर लोण्यात सुरी फिरावी तसा फिरतोय!"

"माझा जाम जड आहे गं!"

"व्यायाम कर जरा!"

आमचं पहिल्यापासून असंच, दूध प्यायचं तरी शर्यत. भसाड्या आवाजात गाणी म्हणत आम्ही चकत्या फिरवल्या, चाकं लावली, गाडी खाली घेतली आणि पुढेमागे ढकलून नीट बसू दिली.

गाडी तिरकी! डावीकडे ताठ मानेने उभी, उजवीकडे गुडघे टेकलेली. भोंगा आ वासून बघत राहिला, मग त्याने कपाळावर हात मारला. दोन्ही बाजूंनी पाना दिव्याकडेच ओढला, की एक चकती चढते आणि दुसरी उतरते. मी इतका वेळ मोठ्या हिमतीने गाडी आणखी खाली आणत होते! आम्ही जमिनीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. मग घड्याळ बघितलं आणि दोघांची पाचावर धारण बसली. गाडी पुन्हा उचलली, माझ्या बाजूचं चाक काढलं, मी पाना धरला, या वेळी दाराकडे ओढला आणि आता मात्र घाम फुटला. चाक लावून गाडी खाली घेतली, टेप लावली. काकांच्या गाडीइतकंच, तंतोतंत!

"चाकांची अलाइनमेंट उद्या करू," भोंगा म्हणाला. "आज सावकाश चालवतो."

हॉस्पिटलच्या दारात वॉकर टेकत आई आली. गाडीकडे पाठ केली, सीटवर टेकली, एकेक पाय आत घेतला. "अगं बाई, खुर्चीच की ही!" म्हणाली. नर्सने टाळ्या वाजवल्या.

घराचं वळण आलं. आई म्हणाली, "भोंग्या, वळू नकोस. पुढे घे."

"कुठे?"

"कुठेही. दोन वर्षं कुठे गेलेच नाही."

"अगं, पण तूच म्हणायचीस ना, मला घरीच बरं वाटतं?"

"मग काय म्हणणार? तू इतक्या हौसेने केली होतीस. मला त्यातून उठता यायचं नाही रे."

भोंग्याने वळण सोडून गाडी सरळ नेली. पुढे गतिरोधक आला. सवयीने आम्ही दोघांनी श्वास रोखला. गाडी अलगद वर चढली, अलगद उतरली. खालून काही आवाज आला नाही. आला तो भोंग्याचा, अगदी लहानपणीसारखा, गल्ली गोळा करणारा.

आईला हसू आवरेना. "अरे, रड हवा तेवढा," ती म्हणाली, "पण समोर बघून."