अंड्यावर बसलेली माळढोक

लढाई संपली आणि आमचे हे पलटणीतून हवालदार होऊन उंब्रजला परत आले. येताना आणलं काय, तर तीन पायांवरचा कॅमेरा! ऊस भावकीच्या गळ्यात घातला आणि स्वारी पाखरांच्या मागे लागली. फोटो काढायचे, त्यावर लिहायचं. गाव हसायचं. खोटं कशाला बोलू, मीही हसायची.

मग पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांनी सांगितलं, "अंड्यावर बसलेल्या माळढोकाचा फोटो आणा, दर महिन्याला एक पान तुमचं." तेव्हापासून ह्यांची झोपच उडाली. हे जमलं नाही तर मी गेलो कामातून, म्हणायचे.

कवठे महांकाळच्या माळावर धुळा धनगरानं मादी दाखवली. करडाएवढं पाखरू, उघड्या माळावर एकच अंडं घेऊन बसलेलं. आम्ही धुळाच्याच पालावर मुक्काम केला. कॅमेऱ्याच्या काचा सांभाळायला मी. पण कॅमेरा रोवला रे रोवला, की मादी उठून चालायला लागायची. हे कपाळाला हात लावून बसायचे. धुळाला फार वाईट वाटायचं. त्यानं फोटो काढताना एकदाच पाहिलं होतं, ह्यांनी त्याच्या आईचा, दगडाबाईचा काढला तेव्हा. "आई, अजिबात हलायचं न्हाई," असं दटावून काढलेला.

एका सकाळी धुळा पळतच आला. "हवालदार, चला! आता कितीबी जवळ जावा, उठायची न्हाई."

खरंच, मादी मान ताठ करून बसली होती. कॅमेरा पुढ्यात लावला तरी ढिम्म. हे आनंदानं कॅमेऱ्यात काच भरायला लागले. मी जरा पुढे वाकले आणि किंचाळलेच. मानेमागे काटकी रोवलेली, चोचीतून रक्त.

"धुळा, काय केलंस रं हे?"

"गोफण मारली, वयनी. फोटूत हलाय नगं न्हवं? म्हातारीला तरी कुठं हलू दिलं?" तो हसत होता, शाबासकीची वाट बघत.

रागवावं तरी कुणावर? हे पांढरेफटक पडले. कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली शिरले. मला वाटलं, रडतायत. रडू दे, म्हटलं. मीही डोळ्यांना पदर लावला.

फडक्याखालून आवाज आला, "धुळा, तिची मान जरा डावीकडं घे."