खांदशेकणी

भाताचा घास हातात तसाच धरून निकेश उठला आणि कोठ्याकडे निघाला.

“अहो, जेवा ना आधी. पळून जाऊन राहिली का तुमची गाडी?” मी मागून म्हटलं.

“एक नट पाहून येतो फक्त.”

“सकाळपासून तोच नट पाहून राहिले तुमी.”

पण ऐकतो कोण? लग्न झाल्यापासून हा माणूस स्वस्थ बसलेला मी पाहिला नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात भर पंगतीतून उठून जनरेटर दुरुस्त करायला गेला होता. वरण गार झालं, पण मांडवात लाइट आली. आमच्या करडी गावात त्याला सगळे मोटारपंपवाला म्हणून ओळखतात. कोणाची मोटार जळाली, कोणाचं धान सुकायला लागलं, की पहिला फोन आमच्या घरी. तो जातो, काम करतो, परत येतो आणि हातपाय न धुता थेट कोठ्यात शिरतो.

कोठा म्हणजे आमचा बैलांचा गोठा. तिथे आता बैल नाहीत, गाडी आहे. साधीसुधी नाही. जुन्या काळी विलायतेत शर्यतीच्या गाड्या असायच्या ना, लांब नाकाच्या, उघड्या, दोनच माणसं बसतील अशा, तशी. आयटीआयला असताना रद्दीतल्या एका मासिकात निकेशने तिचं चित्र पाहिलं आणि जो किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. लोखंडी पाइप वेल्डिंग करून सांगाडा त्याने स्वतः उभा केला. अपघातात चेपलेल्या एका मोठ्या कारचं इंजिन भंगारातून आणलं, सगळं उघडून पुन्हा जोडलं आणि मुळात होती त्याहून जास्त ताकद त्यातून काढली. पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोडीने ठोकून ठोकून वळवला. आमची गुड्डी तर त्या ठोकठोकीतच झोपायला शिकली. सीटची कव्हरं मी शिवली, मरून रेग्झिनची. शिवताना शिव्याही घातल्या, ते सोडा.

“हिले नंबर तरी भेटंल का रोडवर चालवाले?” मी विचारायची.

“कठीण हाय. घरी बनवलेल्या गाडीले कोण नंबर देते?”

“मंग कायले बनवून राहिले?”

 तो पाना उचलायचा आणि पुन्हा गाडीखाली सरकायचा. मला वाटतं, आयुष्यात आपल्या हातून एक तरी गोष्ट अशी व्हावी की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं, एवढंच त्याला हवं होतं. जळालेली मोटार दुरुस्त केली तर पाहणारा फक्त पाणी पाहतो.

मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, दुखणं वेगळं. वासुदेवराव म्हणजे एके काळचे नावाजलेले धुरकरी. शंकरपटात, आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, ते जोडी हाकायला उभे राहिले की लोक झाडावर चढून पाहायचे म्हणे. मग पट बंद पडले. धावणारी जोडी नुसती दावणीला बांधून किती दिवस पोसणार? मामाजींनी ती विकली. पुढे पट पुन्हा सुरू झाले, पण तोवर त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. रिकाम्या कोठ्यात निकेशने वेल्डिंगची मशीन आणून ठेवली त्या दिवसापासून मामाजींनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. पोळ्याला तर ते घरातच थांबायचे नाहीत. सकाळी निघायचे, तोरण सुटलं, सगळ्यांचे बैल आपापल्या घरी गेले, की परतायचे. दारावर ओवाळायला जोडीच नाही, तर थांबायचं कशाला?

बापलेक एकमेकांशी बोलायचे ते माझ्यामार्फत. “त्याले सांग, धानाले खत टाकाचं हाय.” “बाबाले सांग, टाकलं.” दोघं एकाच ओसरीवर बसलेले असायचे बरं का. कधी कधी असा राग यायचा की दोघांचीही ताटं उचलून आत न्यावीत.

यंदाच्या पोळ्याला मात्र घरात वेगळीच घाई होती. अश्वजित येणार होता. निकेशचा आयटीआयचा दोस्त. नागपुरात एका शेठच्या वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्या नव्याने उभ्या करायचं काम तो पाहतो. त्यांना पत्रा ठोकणारा, इंजिनावर हात बसलेला माणूस हवा होता. गाडी एकदा पळवून पाहायची आणि पसंत पडली तर निकेशला सोबत न्यायचं, असं त्याने शेठशी बोलून ठेवलं होतं. म्हणजे हे जे वेड लपूनछपून कोठ्यात चालायचं, तेच उद्यापासून याचं रोजचं काम होणार होतं. मी वरवर कुरकुर करत होते, पण मनातल्या मनात नागपुरात बिऱ्हाड मांडून, गुड्डीचं नावही शाळेत घालून मोकळी झाले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी निकेश पेट्रोल आणायला भंडाऱ्याला गेला. मामाजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

“रुपा, थोडं तूप दे वं. अन् हळद.”

“कायले मामाजी?”

“आज खांदशेकणी ना.”

वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे दुखावतात. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप कोमट करून पळसाच्या पानाने ते चोळायचे, शेकायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. मला वाटलं, शेजारच्या तुलारामची जोडी असेल. जुन्या हाताला सवय, करमत नसेल बिचाऱ्यांना. पुरणपोळीसाठी काढून ठेवलेल्या तुपातलंच वाटीभर दिलं. ते वाटी आणि पळसाची पानं घेऊन गेले. मी पुरणाची डाळ शिजवायला ठेवली आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी अश्वजित मोटरसायकलवरून आला. “जयभीम वैनी,” म्हणाला आणि चहाही न घेता कोठ्यात गेला. गाडीभोवती फिरला, वाकला, पत्र्यावरून तळहात फिरवला. निकेश मागेमागे. याचे हात कधी खिशात, कधी केसांत, कधी उगाच बोनेटवर.

“लेका निकेश,” अश्वजित म्हणाला, “हे तू हातानं वळवलं?”

“मंग काय तोंडानं?” मीच बोलले. 

गाडी बाहेर काढली. पोळ्याच्या दिवशी आमच्या दारात बऱ्याच वर्षांनी काहीतरी उभं होतं. गुड्डीने नाकावर झेंडूचा हार चढवला. आणि पाहते तर मामाजी घरीच. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात काठी.

“मी बी येतो पाहाले,” ते म्हणाले. मला नाही, निकेशला.

निकेश त्यांच्याकडे पाहतच राहिला. मग नुसतं “या ना बाबा,” म्हणाला आणि वळून उगाच चाकाची हवा दाबून पाहायला लागला.

गावाबाहेर एक बंद पडलेली राईस मिल आहे. तिथवर जाणारा रस्ता मिलच्याच मालकीचा, सरळसोट, शेवटी कुलूप घातलेलं लोखंडी फाटक. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाण्याने भरलेली. गाव सगळं बैल सजवण्यात गुंतलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिथवर निकेशने गाडी माणूस चालतो तशी हळूहळू आणली, मामाजींनी मागे पडू नये म्हणून. मग अश्वजितला शेजारी बसवलं.

आणि गाडी सुटली.  मी पंपांचे, ट्रॅक्टरचे, थ्रेशरचे आवाज ऐकत आलेली बाई, पण हा आवाज छातीत आत शिरला. लाल रंगाची रेघ गेली नुसती. मामाजींनी काठी वर उचलली होती आणि पटात जोडी हाकताना घालतात तशी हाळी घातली. म्हाताऱ्याच्या गळ्यात एवढा आवाज कुठे दडला होता कोण जाणे. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

फाटक जवळ येत होतं. आता वेग कमी होईल, मग होईल. होईना. निकेशची पाठ एकदम ताठ झालेली लांबूनही दिसली. फाटकाच्या अलीकडे गाडी झटक्यात वळली, रस्ता सोडून बांधीत शिरली, चिखल-पाणी उडालं आणि ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आदळून थांबली.

मी चप्पल टाकून धावले. दोघंही शुद्धीत होते. अश्वजितचा ओठ फुटला होता. निकेश उतरून चिखलात उभा होता, धडधाकट. गाडीचं ते लांब सुंदर नाक मात्र धुऱ्यात घुसून चुरगळलं होतं. आणि वास येत होता. पेट्रोलचा नाही. तव्यावर पोळीला तूप सोडावं तसा.

“काय जळून राहिलं बे?” अश्वजितने ओठ पुसत विचारलं.

निकेश पुढच्या चाकाजवळ गुडघ्यावर बसला आणि मागच्या बाजूने आत हात घातला. चाकाच्या आत लोखंडाची गोल चकती असते, तिला चिमट्यासारखं धरूनच गाडी थांबते, हे मला ठाऊक होतं. कोठ्यात दिवस काढले आहेत मी. हात बाहेर आला तेव्हा बोटं तुपाने चकचकीत होती, पिवळीधम्मक. पळसाच्या पानाचा करपलेला तुकडा बोटाला चिकटला होता.

त्याने बोटं पाहिली. मग धुऱ्यावरून काठी टेकत, तोल सावरत येणाऱ्या बापाकडे पाहिलं. ज्याच्यावर ओझं, तो खांदा. गाडीचं सगळं ओझं चाकांवर, म्हणून कालचं वाटीभर हळद-तूप चाकांच्या आत. मामाजींच्या हिशेबात चुकलं काहीच नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड उघडणार तोच निकेशने माझ्याकडे पाहिलं.

“रुपा,” एवढंच म्हणाला.

त्याने हात चिखलात बुडवला आणि चोळून चोळून धुतला.

“ब्रेक काहून नाही लागले?” अश्वजितने पुन्हा विचारलं.

“माह्यी चूक,” निकेश म्हणाला. “ब्रेकच्या पाइपात हवा राहून गेली. काढाची होती, मी विसरलो.”

“विसरला? लेका, मले घेऊन बसला तू, अन् ब्रेकची हवा काढाची विसरला?” त्याच्या आवाजात राग कमी आणि वाईट वाटणंच जास्त होतं. “शेठले काय सांगू मी?”

“जे पाहिलं ते सांग.”

मामाजी येऊन पोचले. चुरगळलेल्या पत्र्याकडे पाहून त्यांनी काठी उचलली. मला वाटलं, आता याला फाडून खाणार. पण त्यांनी निकेशच्या पाठीवरचा चिखल काठीने खरवडून काढला.

“लागलं का कुठी?”

“नाही बाबा.”

“मंग होते. पयल्या पटात माह्यी जोडी बी फुटली होती. रस्ता सोडून सरळ लोकायच्या अंगावर गेली.”

अश्वजित न जेवता गेला. तुलारामच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून कोठ्यात आणली. बाहेर पोळा भरला होता, घुंगरांचे आणि ढोलांचे आवाज येत होते. निकेश पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चकत्या पुसत होता. मी कोठ्याचं दार लोटून घेतलं आणि जे तोंडात दाबलं होतं ते ओकून टाकलं.

“खरं सांगतलं असतं तं अश्वजित हसला असता अन् काम देल्लं असतं! आता तो नागपूरभर सांगंल, का याले ब्रेक समजत नाही. अन् आपण इथंच सडाचं, मोटारी उचलत. कोणापायी? एका म्हाताऱ्याच्या येडेपणापायी.”

तो पुसत राहिला. मग म्हणाला, “जोडी विकल्यापासून बाबानं कोणाचा खांदा शेकला होता का, सांग.”

मला एकही आठवला नाही.

“गाडीचा शेकला त्यायनं. माह्या गाडीचा. आवतण बी देल्लं असंल तिले.” त्याने फडकं पुन्हा पेट्रोलमध्ये बुडवलं. “आता मी सांगू त्यायले, का तुमच्या तुपानं पोट्टा मरता मरता वाचला? पुन्हा कशाले हात लावतीन ते?”

मी खाली बसले आणि रडले. कामासाठी रडले, त्या नाकासाठी रडले, आणि असला माणूस पदरात पडला म्हणूनही रडले. मग दुसरं फडकं घेतलं आणि पलीकडच्या चाकाशी बसले.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून फोन आला नाही. त्यानंतरही नाही. निकेश सारखा फोन खिशातून काढायचा, पाहायचा, परत ठेवायचा. मलाच ते बघवेना. मीच एकदा अश्वजितला फोन करून सगळं सांगायचं ठरवलं, नंबरही काढला आणि मग तसाच ठेवून दिला.

चारेक दिवसांनी बाजारातून येताना पानठेल्याजवळ मामाजींचा आवाज ऐकू आला, म्हणून थबकले. माणसं जमली होती आणि म्हातारा मधोमध बसून सांगत होता.

“अशी पळाली, अशी पळाली, का थांबाचं नावच घेत नोती. आता बोला.”

“पण काका, ब्रेकच नोते म्हणते ना लोक?” कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. “मोटारपंपवाला तो. ब्रेक लावाले विसरला.”

“विसरला तं विसरला,” मामाजी म्हणाले. “ज्याच्यात जोर राह्यते तेच फुटते. तुह्या बैलगाडीले फुटता येते का?”

तेवढ्यात निकेश तुलारामच्या शेतातून आला. खांद्यावर जळालेली मोटार, शर्ट ग्रीसने माखलेला. त्याने सगळं ऐकलं होतं.

“का रे निकेश,” ठेलेवाल्याने छेडलं, “ब्रेक राहूनच गेले का खरंच?”

“हो ना,” निकेश म्हणाला. “ध्यानातच नाही राहिलं.”

लोक पुन्हा हसले. मामाजी बाकावर जरा बाजूला सरकले आणि हाताने जागा झटकली.

“बस. चहा घे,” ते त्याला म्हणाले.

निकेशने मोटार खाली उतरवली. लोकांचं हसणं चालूच होतं आणि तो बापाशेजारी बसून फुंकर घालत चहा पीत राहिला.